मेट्रन नावाची कोल्हीण

टॅम्सिन ओकली पुढच्या दारात पार्सल घ्यायला गेली होती. जूनचा उकाडा होता. हवा खेळती राहावी म्हणून तिनं स्वयंपाकघराचं मागच्या बागेत उघडणारं दार सताड उघडं ठेवलं होतं. नऊ महिन्यांचा विल्फ बैठकीच्या खोलीत दुलईवर गाढ झोपला होता. पार्सलवाला रस्त्यावर गाडी लावायला जागा नसल्याबद्दल कुरकुरत होता आणि ती तोंडदेखलं हं हं करत होती, तेवढ्यात आतून विल्फ किंचाळला. भुकेचं रडणं, झोपमोडीचं रडणं, दात येतानाचं रडणं, सगळी रडणी आता तिच्या ओळखीची झाली होती. हे त्यातलं कुठलंच नव्हतं.

ती धावत आत आली. दुलईशेजारी कोल्हीण उभी होती आणि विल्फचा उजवा हात तिच्या तोंडात होता.

पुढचं तिला नीट आठवत नाही. आपण लाथ मारली, ओरडलो, पोराला छातीशी धरलं, एवढं आठवतं. आणि एक गोष्ट अगदी लख्ख आठवते. कोल्हीण पळाली नाही. चार पावलं मागे सरून दारातच उभी राहिली आणि टॅम्सिनकडे बघत राहिली. ओळखीच्या घरात कोणी उगाच खेकसावं आणि माणसानं गोंधळून जावं, तशी. तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता. मग ती सावकाश वळली आणि कुंपणाखालून पलीकडे गेली.

पलीकडे म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ब्रेथवेटच्या बागेत.

इस्पितळात विल्फच्या दोन बोटांना टाके पडले, सुया टोचून झाल्या. बोटं नीट हलतील, व्रण तेवढा राहील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा टॅम्सिनचा नवरा गॅरेथ व्हरांड्यातल्या खुर्चीत मटकन बसला. घरोघरी जाऊन गालिचे अंथरण्याचं काम करणारा हा आडदांड माणूस गुडघ्यात डोकं घालून रडला. रडून झाल्यावर त्याला राग आला, आणि रागाच्या भरात त्यानं विल्फच्या पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, 'लंडनमधल्या आमच्या घरात, भरदिवसा, कोल्ह्यानं. आणखी कशाची वाट बघताय?'

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर झाला. दुसऱ्या दिवशी हॉथॉर्न टेरेसवर वार्ताहर उभे होते.

तिथून पुढं त्या घराला स्वस्थता राहिली नाही. टॅम्सिनला वाटलं होतं, लोक दोन दिवस हळहळतील आणि विसरतील. पण शहरात कोल्ह्यांवरून आधीच दोन तट पडलेले होते. कोणाचे ससे मारले गेले होते, कोणाच्या कचऱ्याच्या पिशव्या रोज फाटत होत्या. दुसरीकडे, ह्या सिमेंटच्या जंगलात तेवढं एकच रानटी आणि देखणं काही उरलंय, असं म्हणणारे होते. दोघांनाही विल्फची बोटं आयतीच सापडली. एका बाजूला ती बोटं म्हणजे झेंडा, दुसऱ्या बाजूला थाप.

'कोल्हा असं करत नाही. घरात कुत्रा असणार, लपवताहेत,' असं लोक लिहीत होते. 'आई काय करत होती? फोनवर असणार.' ते शेवटचं वाक्य टॅम्सिननं वाचलं आणि फोन पालथा ठेवला, कारण ती स्वतःला तेच विचारत होती. एका सकाळी दाराबाहेर लाल रंगात बुडवलेला कापडी कोल्हा पडलेला मिळाला. गॅरेथनं तो उचलून कचऱ्यात फेकला.

"ह्यांना पोटची पोरं नसणार," तो म्हणाला. "आणि ती म्हातारी गप्प बसलीये घरात. तिला माहितीये कोणाची करणी आहे ती."

"गॅरेथ."

"काय गॅरेथ? फाटका कान. तूच सांगितलंस. हातानं चिकन भरवते ती तिला, मागच्या पायरीवर बसून. आपण दोघांनी पाहिलंय."

गॅरेथचं खरं होतं. पाहिलं होतंच. युनिस ब्रेथवेट बार्बाडोसहून तरुणपणी लंडनला आल्या, मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून सगळी उमर काढली. नवरा क्लाइड गेल्यावर त्यांच्या बागेत ही कोल्हीण येऊ लागली. प्रत्येक कोपऱ्यात नाक खुपसून तपासणी करत फिरायची, म्हणून त्यांनी तिचं नाव ठेवलं मेट्रन. "आमची थोरली नर्स अशीच यायची," त्या सांगायच्या. "पलंगाखाली धूळ दिसली की मेलोच!" टॅम्सिन कुंपणाशी उभी राहून हसली होती. तिनंही कधी म्हटलं नव्हतं, की नका खायला घालू.

आणि दुसरंही होतं. विल्फ झाल्यावर पहिले काही महिने टॅम्सिन धड नव्हती. लंडनच्या गर्दीतून दुमजली बस हाकणारी बाई, पण तिला पोराला उचलायची भीती वाटायची. दिवसभर रडायची. गॅरेथ कामावर गेला की युनिसबाई यायच्या. चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचा तुकडा तिच्यापुढे ठेवायच्या, पोराला घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जा पोरी, नीज. हा आणि मी बघतो आमचं." त्याबद्दल त्यांनी कधी कोणापाशी अवाक्षर काढलं नाही. आता टॅम्सिनची पाळी होती. वार्ताहरांनी विचारलं, आजूबाजूला कोणी खायला घालतं का, तर ती म्हणाली, "मला ठाऊक नाही."

पण विल्फला चावलं त्या दिवसापासून युनिसबाई आल्या नव्हत्या. त्यांचे पडदेही उघडले नव्हते.

नगरसेवक मर्विन स्टोक्स यांनी चर्चच्या सभागृहात जाहीर सभा बोलावली. माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक तोंडावर आली होती. टॅम्सिनला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिनं विल्फला नणंदेकडे ठेवलं होतं. एवढ्या लोकांत त्याला आणायची तिची हिंमत नव्हती.

"कायद्यानं पालिकेवर कोल्हे मारण्याची जबाबदारी नाही, हे मला माहीत आहे," स्टोक्स म्हणाले. "पण कायदा हातावर हात ठेवून बसायलाही सांगत नाही. पिंजरे लावा, पकडा आणि नष्ट करा. एवढंच माझं म्हणणं."

टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारा ओरडला, "आणि उंदीर कोण खाणार मग, तुम्ही?" सभागृह हसलं, स्टोक्ससुद्धा हसले.

जखमी रानप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेतली फिलिपा म्हणून एक बाई बोलायला उठली. तिचे दोन्ही हात ओरखड्यांनी भरलेले होते. "एक मारलात तर महिन्याभरात त्याच्या जागी दुसरा येतो," ती म्हणाली. "जागा रिकामी राहत नाही. पण मी कोल्ह्याची वकिली करायला आले नाहीये. चावला असेल तर चावला. कोल्हा माणसाला भितो, आणि त्या भीतीवरच दोघांचं बरं चाललेलं असतं. ती भीती कोणीतरी मोडली की मग घोळ होतो. आपण लाडानं मोडतो आणि मग गोळी त्याला बसते."

एक बाई उठून मुलीचे ससे कसे मेले ते सांगू लागली. मग मधल्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. अंगात कोल्ह्याचं चित्र छापलेला सदरा.

"मला ह्या बाईंना विचारायचंय," तो टॅम्सिनकडे बोट करून म्हणाला. "कोल्हा चावला याला साक्षीदार कोण? तुम्ही एकट्याच. घरात कुत्रा आहे का तुमच्या? की पोराला सोडून भलतीकडेच होतात?"

टॅम्सिन उभी राहिली. बसमध्ये दारू पिऊन आलेल्या माणसांशी बोलायची तिला सवय होती. तोच आवाज तिनं काढला.

"कुत्रा नाही. मी पार्सल घेत होते. दार उघडं होतं, ते मी ठेवलं होतं. आत आले तर त्याचा हात तिच्या तोंडात होता. हे मी खोटं कशाला सांगू? मला काय मिळालं ह्यातून? मला तर तुमच्यापैकी कोणीच नकोय घरासमोर. तुम्हीही नको," ती स्टोक्सकडे वळून म्हणाली, "आणि हेही नकोत."

"म्हणजे पुरावा नाहीच," तरुण म्हणाला.

गॅरेथ ताडकन उठला. "पुरावा पाहिजे? आमच्या शेजारच्या मिसेस ब्रेथवेटना जाऊन विचार! हातानं भरवतात त्या तिला, घरातल्या मांजरीसारखं! त्यांनीच लावली सवय माणसांच्या घरात शिरायची!"

सगळे एकदम बोलू लागले. टॅम्सिननं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल होता, आणि तोंडातून शब्द गेल्या क्षणीच त्याला कळलं होतं, काय झालं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅम्सिन बाहेर आली तर युनिसबाईंच्या दारावर अंडी फुटून वाळली होती आणि खिडकीखाली कोणीतरी कचऱ्याची पिशवी उपडी केली होती. भिंतीवर खडूनं दोन शब्द लिहिले होते. ते वाचायला नकोत असेच होते. आधी तिच्या स्वतःच्या दारावर एका बाजूचे लोक आले होते, आज दुसऱ्या बाजूचे इथं आले. रंग तेवढा बदलला होता.

तिनं आत जाऊन बादलीत गरम पाणी घेतलं आणि विल्फची बाबागाडी फाटकापाशी लावून दार घासायला लागली.

बऱ्याच वेळानं दार फटीएवढं उघडलं. "राहू दे ते," आतून आवाज आला. "माझ्या दारावरची घाण माझी मी पुसेन."

"निम्मी झालीये पुसून."

"तू कशाला आलीस इथं? लोक बघताहेत."

"बघू देत."

दार उघडलं. युनिसबाई एरवी बाजारात जायचं असलं तरी टोपी, मोजे, सगळं जागच्या जागी ठेवणाऱ्या. आज घरातल्याच झग्यात होत्या, केस विंचरलेले नव्हते. त्यांची नजर टॅम्सिनवरून फाटकापाशी गाडीतल्या विल्फवर गेली, त्याच्या पट्टीवर थांबली, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"सगळी नोकरी मी मुलांच्या वॉर्डात काढली," त्या म्हणाल्या. "एका पोराचं कधी नख दुखावू दिलं नाही. आणि आता हे. माझ्यामुळे."

टॅम्सिन इथं धीर द्यायला आली होती. पण तोंडातून वेगळंच निघालं. "हो, तुमच्यामुळे. मी रागावलेय तुमच्यावर, मिसेस ब्रेथवेट. पोराला टाके घालत होते तेव्हा तो कसा ओरडत होता, तुम्ही ऐकलं नाहीत. आणि तुम्ही आला नाहीत. एकदाही आला नाहीत. त्याचा जास्त राग आलाय मला."

युनिसबाई पायरी उतरून आल्या, गाडीपाशी वाकल्या आणि विल्फच्या पट्टीची गाठ बघितली. "ही कोणी बांधली? ढिली आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दोघी आत जाऊन बसल्या. चहा झाला. "क्लाइड गेला आणि संध्याकाळ खायला उठायची," युनिसबाई सांगू लागल्या. "सहा वाजता तो यायचा ना कामावरून. मग ती यायला लागली, बरोब्बर त्याच वेळेला. कोणीतरी माझी वाट बघतंय असं वाटायचं. आधी लांबून टाकायचे. मग म्हटलं, जवळ येतेय तर येऊ दे. एकदा घरात आली. मी हाकललं नाही. हसले." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या दिवसापासून दार बंद ठेवलंय. ती येते, नखांनी दार खरवडते, थांबते, परत खरवडते. मी आत बसून ऐकते."

त्याच दिवशी गॅरेथनं पिंजरेवाल्याला फोन केला होता. पकडलेला कोल्हा दुसरीकडे नेऊन सोडत नाहीत, तिथंच गोळी घालतात, हे त्या माणसानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. पिंजरा बागेत येऊन पडलाही होता.

"लावू नकोस अजून," टॅम्सिन त्याला संध्याकाळी म्हणाली.

"टॅम, ती परत आली तर?"

"सभेत ती फिलिपा काय म्हणाली ऐकलंस ना? भीती मोडलीये तिची. आम्ही ती परत बसवून बघतो. मी आणि मिसेस ब्रेथवेट."

"आणि नाही बसली तर?"

"तर लाव पिंजरा. मी एक शब्द बोलणार नाही. मीच लावीन."

गॅरेथनं पिंजऱ्याकडे पाठ केली. "मी तिथं सभेत बोललो ते…" तो म्हणाला.

"ते त्यांना सांग. मला नको."

दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला. काय बोलला ते टॅम्सिनला कळलं नाही, पण येताना त्याच्या हातात मॅकरोनीची बशी होती आणि मान खाली होती.

संध्याकाळी ऊन अजून चांगलं होतं. दोघी बायका युनिसबाईंच्या मागच्या पायरीवर उभ्या राहिल्या. टॅम्सिनच्या हातात बागेची पाण्याची नळी, युनिसबाईंच्या हातात मोठं पातेलं आणि लाकडी डाव. विल्फ आत, बंद काचेच्या दारामागे, आपल्या उंच खुर्चीत. आणि मेट्रन आली. कुंपणाखालून, झुडपाच्या कडेनं, नेहमीसारखी तपासणी करत. पायरीपासून हातभर अंतरावर येऊन बसली आणि मान तिरपी करून युनिसबाईंकडे बघू लागली.

टॅम्सिननं पाणी सोडलं. कोल्हीण दचकली, अंग झाडलं, बाजूला झाली. आणि मग, टॅम्सिनला वाटलं होतं तशी ती पळाली नाही. वळसा घालून ती युनिसबाईंच्याच पायाशी आली. आडोशाला.

"मला नाही जमत," युनिसबाई म्हणाल्या. "ती माझ्याकडे आली, पोरी. वाचव म्हणून आली."

"तुम्हीच करायला पाहिजे. माझं ती ऐकणार नाही."

"जनावराशी असं कोणी वागतं का? विश्वास ठेवला तिनं."

"तिकडे पिंजरा आहे, मिसेस ब्रेथवेट."

युनिसबाईंनी डोळे मिटले. मग वॉर्डातल्या सगळ्या वर्षांचा दरारा कुठूनसा त्यांच्या आवाजात आला. "चालती हो!" त्या गरजल्या आणि डाव पातेल्यावर हाणला. "हो बाहेर! माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही! नीघ! नीघ म्हणते ना!" ठण ठण ठण. मेट्रन मागे उडाली, घसरली, उठली. एकदा वळून बघितलं. युनिसबाई पायऱ्या उतरून तिच्या अंगावर धावून गेल्या, मोकळ्या केसांनी, पातेलं बडवत, आणि कोल्हीण भिंतीवर चढून पलीकडे नाहीशी झाली.

काचेमागे विल्फ त्या आवाजावर खूश होऊन खदाखदा हसत होता, आणि टाके पडलेला हात खुर्चीवर आपटत होता.

युनिसबाई पायरीवर बसल्या. "क्लाइडला मी जन्मात एवढं ओरडले नव्हते," त्या म्हणाल्या आणि मग हुंदके देऊ लागल्या. टॅम्सिन ओल्या पायांनी त्यांच्याशेजारी बसली.

कोल्हीण दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी दोघींनी पातेलं काढलं आणि ती नुसत्या आवाजाच्या चाहुलीनं थांबली. पुढच्या आठवड्यात ती भिंतीवरच बसायची आणि दार उघडलं की उडी मारून जायची. मग एक दिवस दिसलीच नाही. युनिसबाई सहा वाजता दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, जराशानं आत आल्या. "शहाणी आहे," एवढंच म्हणाल्या. पिंजरेवाला येऊन आपला पिंजरा घेऊन गेला. तो उगाच पडून राहिला म्हणून गॅरेथला त्यानं दोन शब्द सुनावले.

स्टोक्स यांचा ठराव पालिकेत बारगळला. त्याऐवजी घट्ट झाकणाचे कचऱ्याचे डबे मिळाले आणि कोल्ह्यांना भरवू नका असं सांगणारा एक कागद घरोघर आला. वार्ताहर कधीच निघून गेले होते. दारावर अंडी कोणी मारली ते कळलं नाही. कापडी कोल्हा कोणी टाकला तेही नाही. युनिसबाई आठवड्यातून तीन दिवस विल्फला सांभाळू लागल्या. त्याच्या बोटांचे व्यायाम त्यांनी असे काही घेतले, की डॉक्टरीणबाई बघत राहिल्या.

हिवाळा लागता लागता टॅम्सिन कामावर परतली. एका संध्याकाळी तिची बस स्टॉपवर उभी होती, आणि समोरून, दिव्यांच्या उजेडात, एक कोल्हा सावकाश रस्ता ओलांडून गेला. खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी पाहिला.

"बघा, कसा मस्तीत चाललाय," पुढच्या सीटवरची बाई म्हणाली. "सगळे गोळ्या घालून मारले पाहिजेत. कुठल्या तरी बाळाला खाल्लं म्हणे ह्यांनी."

"खाल्लं वगैरे काही नाही," मागचा माणूस म्हणाला. "थापा होत्या त्या. आईचा गलथानपणा. बिचारं जनावर."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुम्हाला तरी काय माहीत?"

दोघांचं जुंपलं. सगळी बस ऐकत होती. कोणी ह्याच्या बाजूनं, कोणी तिच्या. टॅम्सिनच्या तळव्यांना घाम सुटला होता. कोल्हा दिसला की अजून सुटायचा, आणि बहुतेक पुढंही सुटत राहणार होता. तिनं तळवे विजारीला पुसले, कोल्हा पलीकडच्या कुंपणात शिरेपर्यंत थांबली, आणि आरशातून मागे बघितलं.

"भांडा खुशाल," ती म्हणाली, "पण दारातून जरा आत सरका. मला दार लावायचंय."

माणसं सरकली. तिनं दार लावलं आणि बस पुढं काढली.